बिनदाराची होडी

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी चहूबाजूंच्या पाण्यात, होडीत एकटा उभा आहे असं वाचलं की कोणी माझ्याबद्दल भलतंच चांगलं मत करून घ्यायला नको. नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर मी एकतीस वर्षं सांभाळलं. त्या काळात एकही नटबोल्ट कमी भरला नाही, त्याला लोक प्रामाणिकपणा म्हणतात. ती भीती होती. गॅसचा नॉब मी तीनदा बघतो. लिफ्टमधल्या पाटीवर 'सहा व्यक्ती' लिहिलेलं असेल तर मी पाचवा म्हणूनसुद्धा चढत नाही, कारण त्या सहा व्यक्ती कोणत्या मापाच्या धरल्या आहेत हे पाटीवर लिहिलेलं नसतं.

असल्या माणसाच्या पोटी सुकन्या जन्माला आली. ती इंग्लंडमध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी, इतर मुली सिनेमाला जातात तशी, शिडाची होडी चालवायला जाते. जानेवारीतल्या एका रविवारी तिने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "बाबा, जूनमध्ये मी इंग्लिश खाडी पार करणार. फ्रान्सला जाणार."

"वा! तिथे पाण्याखालून रेल्वे जाते म्हणे."

"रेल्वेनं नाही. होडीनं. एकटी."

त्या खाडीतून रोज चारशे-पाचशे जहाजं जातात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्यातल्या मोठ्या जहाजाला ब्रेक लावला तरी ते काही किलोमीटर पुढे जाऊन थांबतं, हे तिसऱ्या दिवशी कळलं. चौथ्या दिवशी मी वाचन बंद केलं आणि तिला फोन लावला.

"तू जायचं नाहीस. मला ते योग्य वाटत नाही."

"तुम्हाला भीती वाटते असं म्हणा ना, बाबा."

"भीती? मला? पाण्याची?"

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती, म्हणजे रश्मी, हसली. तो आवाज सुकन्यालाही ऐकू गेला असणार.

"बरं, नाही वाटत ना? मग तुम्ही एकटे शिडाच्या होडीतून जायकवाडीचा फुगवटा पार करा. त्यानंतर तुम्ही म्हणालात जाऊ नको, तर नाही जाणार. शब्द देते."

जायकवाडी धरणाचं पाणी मागे सरकत आमच्या नेवासा-शेवगावच्या रानांपर्यंत पसरलं आहे, त्याला इकडे फुगवटा म्हणतात. आम्ही जातो त्या काठावरून पलीकडचा काठ चांगला पाच किलोमीटर आहे. मला पोहता येत नाही. सुकन्याला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच तिने ती अट घातली. पण माझ्या डोळ्यांसमोर ती पाचशे जहाजं होती आणि त्यांच्या मधोमध माझी मुलगी होती. मी म्हणालो, "ठरलं." आणि फोन ठेवला.

नगरमध्ये होडी कोण बनवतं, असा प्रश्न मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्यावर सात जणांनी नमस्काराची चित्रं पाठवली, एकाने गोव्याच्या ट्रिपचे फोटो टाकले. शेवटी मला सूर्यभान आठवला. हा मूळचा शनिशिंगणापूरचा. नागापुरात पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरचे पाण्याचे टँकर बनवतो. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा माणूस नाही.

"सायेब, आपलं रोजचंच काम हाय," तो म्हणाला. "मी पानी आत ठिवतो, तुमाला भाईर ठिवायचं हाय. येवढाच फरक."

त्याने एक जुना टँकर उभा चिरला आणि अर्ध्या भागाला पुढून चोच काढली. मी सुकन्याच्या होडीचे फोटो दाखवले होते. तिच्या होडीत झोपायला फळी असलेली छोटी खोली होती, तशी खोलीही त्याने बनवली. डोलकाठी म्हणून बोअरवेलचा पाइप लावला. मंडपवाल्याकडून निळ्या ताडपत्रीचं शीड शिवून आणलं. तळाला वाळूची पोती ठेवली. टँकरच्या अंगावर जुन्या रंगात 'पिण्याचे पाणी' लिहिलेलं होतं, ते तसंच राहिलं. सगळं पाहून झाल्यावर मी खोलीपाशी वाकलो आणि विचारलं, "सूर्यभान, हिचं दार कुठंय?"

त्याने वेल्डिंगचा चष्मा वर केला.

"दार?"

"दार. लाटा आल्या तर पाणी आत जाईल ना."

"सायेब, आमच्या गावात दार लावत न्हाईत. माझ्या आज्याच्या घराला दार नव्हतं, बापाच्या नव्हतं, माझ्या न्हाई. टँकरला झाकण मी बसवतो, पन मानूस जिथं ऱ्हातो त्या खोलीला दार ह्या हातानं न्हाई बसायचं. शनिदेव बघून घेतो."

"अरे, पण ही होडी आहे!"

"मंग? देव काय जमिनीवरच बघतो?"

मी दुसऱ्या फॅब्रिकेटरकडे गेलो. 'पिण्याचे पाणी' लिहिलेल्या वस्तूला खोली आणि त्या खोलीला दार, एवढं ऐकल्यावर त्याने मला बसायला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि घरचा फोन नंबर मागितला. मग मी दाराचा नाद सोडला. खरं सांगायचं तर सूर्यभानला दुखवायचीही मला भीती वाटत होती. वेल्डिंग त्याच्या हातचं होतं आणि त्यावर जाणार मी होतो.

यानंतर परवानगीचा प्रश्न आला. कायद्याला मी पाण्यापेक्षा जास्त भितो. तीन कार्यालयं फिरून झाल्यावर चौथ्यात एका सज्जन क्लार्कने अर्ज पुढे ओढला. ते कुठलं कार्यालय ते सांगत नाही.

"होडी मासेमारीची का प्रवासी?"

"दोन्ही नाही. हौसेची."

"हौसेला रकाना नाही. सोबत कोण?"

"कोणी नाही. एकटाच जाणार."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज हळू केला. "घरी काही झालंय का? या वयात होतं. मिसेसचं पत्र आणा, त्याशिवाय मी एकट्या माणसाला पाण्यावर सोडणार नाही."

रश्मीने पत्र दिलं. त्यात एकच ओळ होती: 'माझी हरकत आहे, पण हे ऐकत नाहीत.' मी ते घाबरत पुढे केलं. क्लार्कने वाचलं, "पत्र जोडलंय ना? झालं तर," म्हणाले आणि शिक्का मारला. होडीच्या फोटोवर 'पिण्याचे पाणी' वाचून त्यांनी सगळा घोळ एका वाक्यात मिटवला. माझ्या परवानगीत आजही लिहिलेलं आहे की 'सदर टँकर पाण्यावरून नेण्यास हरकत नाही.'

ही बातमी खालच्या मजल्यावरच्या चांगुणाबाईंना लागली. त्यांचं माहेर, सासर सगळं पाथर्डीकडचं. आयुष्यभर टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाई. त्या पाच-पाच लिटरचे दोन रिकामे कॅन घेऊन वर आल्या.

"भाऊ, तिथं लई पानी हाय म्हनं?"

"खूप आहे."

"आन् तुमी त्याच्यावरनं नुसतेच जानार? भरून न्हाई आननार?"

मी होडी, शीड, मुलगी, खाडी असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कॅन माझ्या हातात दिले. "मोकळ्या हातानं येऊ नका," म्हणाल्या.

इकडे रोज सकाळी मी लाइफ जॅकेट घालून चहा घ्यायला लागलो. सवय व्हावी म्हणून. रश्मीने ते एकदा धुऊन वाळत घातलं, तेव्हा मला दिवसभर गॅलरीत जायची भीती वाटली. फेब्रुवारीच्या शेवटी सुकन्याचा फोन आला. होडीचे फोटो आईने तिला पाठवले होते.

"बाबा, मी गंमत केली होती. नका जाऊ. मला भीती वाटतेय."

खरं सांगतो, ते ऐकून मला फार बरं वाटलं. "बघ, कसं वाटतं ते! मग तूही जाऊ नकोस."

"ते वेगळं आहे."

"कसं काय वेगळं?"

"मला येतं, बाबा."

मी रागावलो आणि मार्चमधला दुसरा रविवार पक्का केला.

त्या रविवारी सकाळी होडी टेम्पोतून नेवाशाच्या पुढे काठावर उतरवली. सूर्यभानने नारळ फोडला. रश्मी आणि चांगुणाबाई जीपने वळसा घालून पलीकडच्या काठाला निघाल्या. निघताना रश्मी माझ्या जॅकेटचा पट्टा ओढून ओढून तपासत राहिली.

रस्ता विचारायला मी बन्सीबाबांकडे गेलो. सत्तरीचे, फुगवट्यावर मासे धरणारे. जाळं विणता विणताच त्यांनी पाण्याकडे बोट केलं.

"लई सोपं हाय. वेशीतनं सरळ जा. चावडी गेली की उजवीकडं वळा. मारुतीचं देऊळ डाव्या हाताला ठिवा, कळस लई वर नाय ऱ्हायला आता. देशमुखाच्या इहिरीवर थांबू नका, तिथं पानी फिरतं. मंग वडाचा पार गेला की आलाच पलीकडचा काठ."

मी समोर बघितलं. समोर सगळं पाणी होतं.

"बाबा, कुठली वेस?"

"आमच्या गावाची. खाली हाय की! धरन झालं तवा बुडालं. मी वीस वर्साचा हुतो. आमी आजून त्याच रस्त्यानं जातो."

आजवर मी पाण्यालाच भीत होतो, आता पाण्याखालच्या चावडीलाही भ्यायला लागलो. बन्सीबाबांनी होडी ढकलली आणि म्हणाले, "जावा बिनधास. गाव आपलंच हाय."

पहिला अर्धा तास बरा गेला. वारा मागून होता, निळी ताडपत्री फुगली होती आणि मी दोन्ही हातांनी सुकाणू इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचा रंग पालटला. पहिल्यांदा म्हशी आल्या, पोहत, फक्त तोंडं वर. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आले, रिकाम्या पिंपांवर तरंगणारे, आणि त्यांच्यासोबत विजेच्या केबली. केबल दिसली की मी श्वास धरायचो. श्वास धरल्याने वीज लागत नाही असं काही नाही, पण तेवढंच माझ्या हातात होतं. मग थर्माकोलच्या तराफ्यांवरचे मासेवाले. एकाने माझ्या होडीवरचं वाचून रिकामी बाटली पुढे केली.

वेस ओलांडली असावी, चावडीही गेली असावी, आणि मी उजवीकडे वळणार तेवढ्यात ढोल ऐकू आला. पलीकडून लाँच येत होती. लाँचमध्ये वऱ्हाड होतं, बँड होता आणि सगळ्यांत पुढे फेट्यातला नवरदेव उभा होता. लाँच सरळ माझ्या अंगावर येत होती. सुकन्याने घरी ठेवलेल्या होडीच्या पुस्तकात मी नियम वाचून ठेवला होता: इंजिनाच्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यायची. मी उभा राहून ओरडलो, "थांबा! तुमच्याकडं इंजिन आहे! वाट तुम्ही द्यायची!"

"ओ टँकरवाले," लाँचवाला ओरडला, "बाजूला व्हा! नवरदेव हाय!"

जगभर काय नियम असतील ते असोत, आमच्या जिल्ह्यात नवरदेवाला वाट द्यावी लागते. मी सुकाणू फिरवलं. वऱ्हाडातल्या बायकांनी उत्साहाने माझ्यावर अक्षता टाकल्या, लाँच हातभर अंतरावरून गेली, आणि तिच्या मागून लाटा आल्या.

पहिली लाट सरळ खोलीत गेली. दार नव्हतंच. दुसरीही गेली. फळीवर ठेवलेली माझी चटई, डबा आणि परवानगीचा कागद तरंगायला लागला. त्याच वेळी वाऱ्याने दिशा बदलली, होडी एका अंगावर कलली आणि तळातून टण्ण असा आवाज आला. देवळाचा कळस! मी मोठ्याने मारुतीची माफी मागितली. होडी आणखी कलली. मी शिडाची दोरी हाताला दोन वेढे देऊन पूर्ण ताकदीने ओढून धरली, कारण माझ्या आयुष्यात भीती वाटली की मी काहीतरी घट्ट धरतो. जितकी ओढली तितकी होडी कलत गेली. मला रडू यायला लागलं. आता रडलो तर कोणाला दिसणार, असाही विचार मनात आला, म्हणून रडलो.

आणि जॅकेटच्या खिशातला फोन वाजला. प्लास्टिकच्या पिशवीतूनच मी तो कानाला लावला.

"बाबा, आई म्हणाली तुम्ही निघालात. ठीक आहात ना?"

"बुडतोय!"

पलीकडून तिचा आवाज आला, आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिला लहानपणी सायकल शिकवताना मी काढायचा प्रयत्न करायचो आणि मला जमायचा नाही, तो आवाज.

"बाबा, शिडाची दोरी कुठंय?"

"हातात. घट्ट धरलीय."

"सोडा."

"सोडू?"

"सोडा, बाबा. पूर्ण सोडा."

मी डोळे मिटले आणि हात उघडला. दोरी सर्रकन गेली, ताडपत्री फडफडायला लागली, आणि होडी सरळ झाली. खरंच, आपोआप. मी आत पडलेल्या पाण्यात बसलो.

"भीती वाटतेय?" तिने विचारलं.

"लई," मी म्हणालो.

"मलाही वाटते. दर वेळी."

"मग जातेस कशाला, बाळा?"

"आवडतं म्हणून. आणि भीती वाटते म्हणून तर सगळं तीनदा तपासते. तुमचीच मुलगी ना. आता पाणी बाहेर काढा, मग दोरी थोडीशीच ओढा, आणि..."

एवढ्यात पिशवीत पाणी शिरलं आणि फोन गेला.

आता मी खरोखर एकटा होतो. चांगुणाबाईंचे कॅन हाताशी तरंगत होते. एकाचं तोंड खिशातल्या चाकूने कापलं आणि पाणी उपसायला लागलो. किती कॅन भरून फेकले, कोण मोजतंय! एवढं पाणी मी फेकून देतोय हे चांगुणाबाईंना कळलं तर, या विचारानेही मला धास्ती वाटली. खोलीतलं पाणी घोट्यापर्यंत उतरलं तेव्हा दोरी थोडी ओढली. होडी हलली. जास्त कलली की सोडायची, सरळ झाली की ओढायची. मारुतीचं देऊळ डाव्या हाताला ठेवलं, म्हणजे असावं. देशमुखाच्या विहिरीवर पाणी खरंच गोल फिरत होतं, तिथे मी डोळे मिटले नाहीत. दोन तासांनी होडीचं तोंड चिखलात रुतलं, आणि मला वर बघायचा धीर झाला.

काठावर रश्मी उभी होती. गुडघाभर चिखलात, पातळ वर न धरता. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, मग दंडावरून, मग जॅकेटचा पट्टा पुन्हा ओढून पाहिला. चांगुणाबाईंनी आधी कॅन बघितले. एक कापलेला आणि दुसरा रिकामा. "तरी वाटलंच हुतं," एवढंच म्हणाल्या आणि रिकामा कॅन भरायला काठावर बसल्या.

रश्मीने सुकन्याला फोन लावून माझ्या हातात दिला. मला वाटलं ती हसेल किंवा रडेल. ती म्हणाली, "पोचलात?"

"पोचलो."

"एकटे?"

"शेवटचे दोन तास एकटा."

"मग तुम्ही जिंकलात, बाबा." "मी शब्द दिलाय. सांगा. तुम्ही म्हणाल ते."

दोन महिने मी या एका क्षणासाठी तडफडलो होतो. 'तू जायचं नाहीस' एवढे तीनच शब्द होते. रोज रात्री पाठ केले होते. माझी भीती गेली, असं कोणी समजू नये. उलट ती आता नीट ओळखीची झाली होती, कारण लाट आत कशी शिरते ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तिच्या खाडीत तसल्या पाचशे लाँच आहेत. मी तोंड उघडलं. आणि मला आठवला तो आवाज, सोडा म्हणणारा.

"तुझ्या होडीतल्या खोलीला दार आहे?"

"आहे की. का?"

"घट्ट बसतं?"

"हो, बाबा."

"मग निघालीस की लावून घे."

मी फोन कानापासून काढून बघितला, बंद पडला की काय म्हणून. चालू होता. ती रडत होती.

रश्मीने फोन माझ्या हातातून घेतला, ओल्या पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आणि सुकू, आतून कडी घाल."